वाफेचं इंजिन येतंय: कुठे उभं राहायचं, काय बघायचं, फोटो कसा काढायचा

जुन्या वाफेच्या इंजिनाची खास फेरी जाहीर झाली की ओळखीपाळखीच्या लोकांचे मला फोन सुरू होतात. कोणता कॅमेरा घेऊ, कोणती लेन्स लावू, मोबाइलवर भागेल का? मी आधी एवढंच विचारते: गाडी कुठून कुठे जाणार आहे, आणि वाटेत चढ कुठे लागतो? वाफेचं इंजिन कष्ट करताना बघायचं असतं. उतारावर तेच इंजिन नुसतं घरंगळत जातं. धुरांड्यातून जेमतेम एखादी रेघ निघते, आवाज फारसा येत नाही आणि लोक म्हणतात, ‘एवढं काही वाटलं नाही बुवा.’ तिथून दोन-चार किलोमीटरवर, चढाला, ज्यांनी ते पाहिलं ते मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच्याबद्दल बोलत असतात. त्यामुळे कॅमेऱ्याकडे मी जरा उशिरानेच येणार आहे.

चढ शोधा

चढावर नेमकं काय होतं ते समजून घेतलं की जागा निवडणं सोपं जातं. ड्रायव्हर रेग्युलेटर उघडतो तेव्हा बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्या ढकलते. काम संपलेली वाफ वाया जात नाही. ती धुरांड्याच्या बरोबर खाली एका नळीतून वर सोडलेली असते. ती उसळताना आपल्यासोबत भट्टीतला धूर आणि गरम वायू ओढून नेते, त्यामुळे भट्टीत ताजी हवा शिरते आणि जाळ भडकतो. म्हणजे इंजिन जितका जोर लावेल तितकी भट्टी पेटते आणि तितका मोठा लोट वर जातो. रेग्युलेटर बंद केला की लोट ओसरतो. उतारावरचा फोटो मरगळलेला दिसतो त्याचं कारण हेच.

चढ ओळखायला नकाशातल्या समोच्च रेषा पुरतात. बऱ्याच मार्गांवर रुळाशेजारी चढउताराच्या छोट्या पाट्याही असतात. काही चढ तर जगभरच्या रेल्वेवेड्यांना तोंडपाठ असतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येला लिकीचा चढ आहे, दर ३७.७ फुटांना एक फूट. उत्तरेकडे शॅपचा चढ त्याहून सौम्य, ७५ला एक, पण लांबलचक. असा प्रसिद्ध चढ जवळ नसला तरी स्टेशन सुटल्यानंतरचा पहिला किलोमीटर नेहमी चांगला असतो, कारण थांबलेली गाडी हलवायला इंजिनाला जोर लावावाच लागतो. वेगमर्यादेचं वळण संपतं तिथेही ड्रायव्हर पुन्हा रेग्युलेटर उघडतो. अशा जागी गर्दीही कमी असते.

इंजिन कोणत्या तोंडाने येणार आहे हे आधी विचारून ठेवा. शेवटच्या स्टेशनात टर्नटेबल किंवा त्रिकोणी रूळ नसेल तर परतीच्या वाटेवर इंजिन उलटं, म्हणजे टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) पुढे करून धावतं. कधी इंजिन पुढे नसतंच. निलगिरीच्या दातेरी रुळांवर मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढताना इंजिन गाडीच्या मागे असतं आणि डबे वर ढकलत नेतं. हे ठाऊक नसलेला माणूस समोरून येणाऱ्या डब्याचे फोटो काढत बसतो आणि मान वळवेपर्यंत इंजिन निघून जातं. मोठ्या मार्गावर गाडीच्या शेपटाला बऱ्याचदा डिझेल इंजिन जोडलेलं असतं. ते जोर लावत असेल तर पुढच्या वाफेच्या इंजिनाला फारसं कष्ट पडत नाही, हेही लक्षात घ्या.

पाण्याचा थांबा

प्रवाशांच्या वेळापत्रकात जो थांबा दिसत नाही तोच मला सगळ्यात आवडतो, पाणी भरण्याचा. वाफेचं इंजिन पाणी प्रचंड पितं. ब्रिटनमधल्या प्रसिद्ध ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिनाच्या टेंडरमध्ये सुमारे २२,७०० लिटर पाणी मावतं. अमेरिकेतल्या ‘बिग बॉय’ या अवाढव्य इंजिनाच्या (क्रमांक ४०१४) टेंडरमध्ये ९०,००० लिटरच्या वर. तरीही लांबच्या फेरीत मध्ये थांबावंच लागतं. आता जागोजागी पाण्याचे खांब उरलेले नाहीत, म्हणून टँकर येतो, होजपाइप जोडला जातो आणि बराच वेळ इंजिन जागेवर उभं राहतं. तेवढ्यात ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन खाली उतरतो. आधी हाताच्या पालथ्या बाजूने बेअरिंग तापलंय का ते बघतो, मग दांड्यांच्या सांध्यांवरच्या छोट्या तेलकुप्या उघडून एकेक भरतो, फडक्याने तोंड पुसतो, पुढच्याकडे वळतो. घाई नसते आणि एकही सांधा सुटत नाही. या कामाचे जवळून काढलेले फोटो मला धावत्या गाडीच्या फोटोंइतकेच मोलाचे वाटतात. फक्त त्याच्या वाटेत उभं राहू नका आणि तोंडावर फ्लॅश मारू नका.

मग गाडी सुटते. सुटताना इंजिनाच्या अगदी बरोबरीने उभं राहायचा मोह टाळा. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ थंड होऊन पाणी साचतं. पाणी दाबलं जात नाही, तसंच इंजिन चालवलं तर सिलिंडर फुटू शकतो. म्हणून पहिले काही फेरे सिलिंडरखालचे नळ उघडे ठेवतात आणि दोन्ही बाजूंनी जमिनीलगत पांढऱ्या वाफेचे फवारे सुटतात. बरोबरीने उभ्या असलेल्या माणसाला त्या ढगाशिवाय काही दिसत नाही. शंभर-दीडशे मीटर पुढे, सुरक्षित जागी उभं राहिलात तर त्याच ढगातून इंजिनाचं तोंड बाहेर येताना मिळतं. रूळ ओले असतील तर चाकं घसरतात, धुरांड्यातून येणारे वाफेचे ठोके एकदम भराभर पडतात, ड्रायव्हर रेग्युलेटर मिटतो, रुळावर वाळू सोडतो आणि पुन्हा हळूच उघडतो. दार्जिलिंगच्या छोट्या इंजिनांवर तर पुढच्या बाजूला बसून रुळांवर हाताने वाळू टाकणारी माणसं असतात. त्यांना फ्रेमबाहेर ठेवू नका, चढावर गाडी चढते ती त्यांच्याही हातांवर.

हवा, वारा, ऊन

वाफ मुळात दिसत नाही. पांढरं जे दिसतं ते थंड हवेत तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब. म्हणून थंडीच्या सकाळी धुरांड्यातून बाहेर पडताच भला मोठा पांढरा लोट तयार होतो आणि गाडीच्या डोक्यावर लांबवर रेंगाळतो. उन्हाळ्याच्या दुपारी तेच इंजिन तितकाच जोर लावत असलं तरी वर नुसती हवा थरथरताना दिसते. दिवस निवडता आला तर थंडीतली सकाळ निवडा.

काळ्या धुराचं अनेकांना वेड असतं. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा. फायरमनने नुकताच कोळसा टाकला असेल तर तो थोडा वेळ दिसणारच, पण चांगल्या फायरमनच्या हाताखाली धुरांड्यावर हलका राखाडी धूर असतो, तोही थोडाच. मला हा हलका धूर आणि त्यात मिसळलेली पांढरी वाफ जास्त आवडते, कारण त्यात फायरमनचं कसब दिसतं. सगळीच इंजिनं कोळशावर चालतात असंही समजू नका. ‘बिग बॉय’ ४०१४ हे इंजिन २०१९ साली दुरुस्त होऊन बाहेर पडलं तेव्हा त्याची भट्टी तेलावर चालणारी केलेली होती.

फोटो बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा, आणि तिकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. वारा तुमच्याकडे वाहत असेल तर लोट खाली येतो, डबे झाकतो, कधी इंजिनही गिळतो. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभं राहा, म्हणजे लोट पलीकडे जाईल. आता अडचण अशी की ऊन नेमकं दुसऱ्या बाजूला असू शकतं. अशा वेळी मी वाऱ्याचं ऐकते. ऊन इंजिनाच्या पाठीमागून आलं तर लोटाच्या कडा उजळतात आणि इंजिन काळ्या आकृतीसारखं उठून दिसतं, तो फोटोही सुंदर होतो. धुरात हरवलेल्या गाडीचं मात्र काहीच करता येत नाही.

उन्हाबद्दल एकच सांगते: सूर्य खाली असावा. माथ्यावरच्या उन्हात बॉयलरची पाठ चमकते आणि चाकं, दांडे, क्रँक सगळं सावलीत काळंठिक्कर पडतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरकं ऊन थेट चाकांवर येतं आणि इंजिनाचा खरा जीव तिथेच तर असतो. इंजिनाचं तोंड आणि बाजू दोन्ही उजळलेली हवी असतील तर सूर्य तुमच्या पाठीशी तिरका असू द्या.

कडक कोरड्या उन्हाळ्यात निघण्यापूर्वी चौकशी करा. धुरांड्यातून ठिणग्या उडतात, वाळलेलं गवत पेटतं, म्हणून ब्रिटनमधल्या काही जुन्या मार्गांवर अशा दिवसांत वाफेचं इंजिन काढून डिझेल लावतात. बॉयलरची मुदतही बघून ठेवा. ब्रिटनमध्ये साधारण १० वर्षांनी बॉयलर उतरवून त्याची मोठी दुरुस्ती आणि तपासणी होते. अमेरिकेत १,४७२ सेवादिवस (इंजिन प्रत्यक्ष पेटवलेले दिवस) किंवा १५ वर्षं, जे आधी भरेल ते. मुदत संपली की इंजिन शेडमध्ये जातं आणि परत यायला कैक वर्षं लागू शकतात. दोन फेऱ्यांपैकी एकच जमणार असेल, तर ज्या इंजिनाची मुदत संपत आलीय तिकडे जा.

आता कॅमेरा

गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. शटर १/२५० सेकंदाला ठेवलंत तर तेवढ्या वेळात इंजिन सुमारे पावणेसात सेंटिमीटर पुढे सरकतं. १/१००० ठेवलंत तर पावणेदोन सेंटिमीटरच्या आत. बाजूने जाणाऱ्या गाडीला १/१००० हवंच. तिरपी, तुमच्या दिशेने येणारी गाडी फ्रेममध्ये तेवढी सरकत नाही, तिथे १/५०० चालून जातं. चाकांचा विचार वेगळा. चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि सगळ्यात वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणून १/२५०ला चाकाचे खालचे आरे स्वच्छ आणि वरचे पुसट येतात. मला हा पुसटपणा हवाहवासा वाटतो, त्यातून चाक फिरतंय हे कळतं.

गाडीबरोबर कॅमेरा फिरवून फोटो काढायचा असेल, म्हणजे पॅनिंग, तर १/६० किंवा १/३०पर्यंत खाली या. पाय पक्के रोवा, जिथे फोटो काढायचाय त्या दिशेला आधीच तोंड करून उभे राहा आणि कंबरेतून मागे वळून गाडीला लांबूनच धरा. केबिनच्या बाजूवर लिहिलेला क्रमांक नजरेत ठेवा आणि तो सोडू नका. बटण दाबल्यावरही हात फिरवत राहा. रोजच्या साध्या गाड्यांवर याचा सराव करा. वाफेचं इंजिन एकदाच जातं, तो सरावाचा दिवस नव्हे.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, हाताने लावा. इंजिन काळं, वाफ पांढरी. स्वयंचलित मापन काळ्या रंगाला फसून फोटो उजळ करतं आणि वाफेचे सगळे थर जळून जातात, किंवा पांढऱ्या लोटाला फसून इंजिन बुडवून टाकतं. मी रुळांमधल्या उन्हातल्या खडीवरून माप घेते, कारण तिचा राखाडी रंग मधला असतो, आणि त्यात अर्धा-पाऊण स्टॉप (उजेड मोजायचं कॅमेऱ्याचं माप) कमी करते. वाफेतला तपशील एकदा गेला की गेला. सावलीतला काळा भाग मात्र रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोतून) बराच वर काढता येतो. फोकसही आधीच लावून ठेवते. रुळाचा एखादा ठळक स्लीपर निवडायचा, त्यावर फोकस करून तो बंद करायचा आणि इंजिनाचं तोंड तिथे आलं की बटण दाबायचं. वाफेच्या ढगावर फोकस शोधत बसलेला कॅमेरा अगदी हव्या त्या क्षणी दगा देतो.

वाट बघताना त्या मार्गावरून जाणाऱ्या साध्या गाड्यांवर सगळं तपासून घ्या: फ्रेममध्ये खांब आडवा येतोय का, विजेच्या तारा धुरांड्यावरून जातायत का, शेवटचा डबा मावतोय का. इंजिनाची लांबीही आधी माहीत हवी. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ टेंडरसकट २१ मीटरच्या आसपास, ‘बिग बॉय’ ४० मीटर. एकासाठी लावलेली फ्रेम दुसऱ्याला पुरणार नाही. आणि वर जागा सोडा. नवखे लोक इंजिन फ्रेममध्ये गच्च भरतात आणि लोट वरून कापला जातो.

अजून एक बारकावा, जाणकार हा लगेच हेरतात. चाकांना जोडणारा दांडा फेऱ्याच्या तळाशी असताना फोटो सगळ्यात चांगला दिसतो, चाकांची वरची बाजू मोकळी राहते आणि आरे दिसतात. हे बोटाने साधणं कठीण. सलग फोटो काढा आणि नंतर निवडा.

मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, डिजिटल झूम टाळा आणि सलग फोटो काढा. मोबाइलच्या रुंद लेन्समध्ये लांबचं इंजिन मुंगीएवढं येतं, म्हणून वळण, पूल, झाडं, आकाश असं सगळं दृश्य घ्या. स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिननच्या २१ कमानींच्या पुलासारख्या जागी असंच लांबून बघणं शोभतं. पूल वळणावर असल्याने अख्खी गाडी एका नजरेत येते.

आवाज

व्हिडिओ करणार असाल तर गाडी दिसायच्या दोन मिनिटं आधी सुरू करा आणि आवाज विरेपर्यंत बंद करू नका. माइकवर वारा अडवणारी केसाळ टोपी लावा. शेजारच्यांना आधीच हात जोडून सांगा की थोडा वेळ बोलू नका, बहुतेक जण मानतात.

आवाज नीट ऐकला की इंजिन ओळखता येतं. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. इंजिनं घडवणारे इंग्लिश अभियंते नायजेल ग्रेस्ली यांच्या १९२३च्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला तीन सिलिंडर आहेत, त्यामुळे सहा ठोके, म्हणून त्याची लय गुळगुळीत लागते. ‘बिग बॉय’च्या बॉयलरखाली चाकांचे दोन स्वतंत्र संच आहेत. त्यांचे ठोके कधी एकावर एक पडतात, कधी हळूहळू सुटत जातात आणि पुन्हा जुळतात. डोळे मिटून ऐकण्यासारखं आहे ते, फक्त कुंपणाच्या अलीकडे उभं राहून.

रुळाजवळ जाऊ नका

हे मी शेवटी लिहितेय, पण तुमच्या यादीत पहिलं ठेवा. जून २०२४ मध्ये मेक्सिकोत ‘एम्प्रेस’ २८१६ हे १९३० सालचं इंजिन येत असताना सेल्फीसाठी रुळालगत गेलेल्या एका तरुणीला इंजिनाचा धक्का लागला आणि ती जागीच गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ दुरुस्त होऊन लंडनहून यॉर्कला निघालं तेव्हा लोक रुळांवर उतरले आणि गाडीला वाटेत थांबावं लागलं.

इंजिन रुळांपेक्षा रुंद असतं. प्रमाण रुंदीच्या (स्टँडर्ड गेज) मार्गावरही दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट बाहेर येतं. कॅमेऱ्यातून बघताना अंतराचा अंदाज चुकतो, लांब लेन्समध्ये तर जास्तच. आवाजावरही विसंबू नका. रेग्युलेटर बंद करून उतरणारं वाफेचं इंजिन फार हळू आवाजात येतं. दुसऱ्या रुळावरून, तुम्ही पाठ केलेल्या बाजूने, वेगळीच गाडी येत असू शकते. कुंपण ओलांडायचं नाही, फलाटावर रेषेच्या आत राहायचं, फाटक बंद असताना खालून वाकून जायचं नाही, पुलावर आणि बोगद्याच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाने फोटो काढायचेच नाहीत, फक्त मुलांचा हात धरायचा. लोकांनी रुळांवर गर्दी केली तर अशा फेऱ्या बंद होतात, आणि मला त्या पुढच्या पिढीलाही बघायला मिळायला हव्यात.

मोटारीने रेल्वेगाडीचा पाठलाग करणंही नको. एकच जागा निवडा, तासभर आधी पोहोचा आणि निवांत बघा. इंजिन जवळून जाताना डोक्यावर बारीक कोळशाची कणी पडते, त्यामुळे वर तोंड करून बघू नका. डोळ्यात कणी गेली तर चोळू नका, पाण्याने धुवा. लेन्सवर पडलेली कणी आधी फुंकणीने उडवा, थेट फडक्याने पुसलीत तर काचेवर ओरखडा उठेल.

घरी आल्यावर

फोटो निवडायच्या आधी त्याच दिवशी टिपून ठेवा: इंजिनाचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा, गाडी कोणत्या दिशेने जात होती, डबे किती, मागे डिझेल होतं का, हवा कशी होती. फाइलच्या नावातच तारीख आणि क्रमांक घाला, नुसता अनुक्रमांक ठेवू नका. निवडताना सलग काढलेल्या वीसातला एकच ठेवा. ज्यात दांडा खाली आहे, लोट पूर्ण आलाय आणि केबिनच्या खिडकीत माणसाचा चेहरा दिसतोय, तो. मग ती टिपणं घेऊन त्याच मार्गाचा नकाशा पुन्हा उघडा आणि गाडीने जिथे खरा जोर लावला होता तिथे खूण करून ठेवा. पुढच्या फेरीला तिथे उभं राहा.